बोडीतलं शेवाळ

वास आधी देवघरात आला. प्रेमिलानं उदबत्ती लावली तसा तो जरा दबला, आणि उदबत्ती विझली तसा पुन्हा उठून बसला, जणू दाराआड वाटच पाहत होता. यायचा तो नेमका त्याच दिवशी यावा! मुर्री गावच्या मंदिरात कीर्तनाचा सप्ताह चालू होता आणि दुपारी बुवांची पंगत तिच्या घरी होती. ज्या मुखातून रोज देवाचं नाव निघतं त्या मुखात आपल्या हातचा घास जावा, यासाठी तिनं किती वर्षं वाट पाहिली होती. आणि आज घरात मेल्या जनावराचा वास.

"उंदीर मेला असंन," तिच्या नवऱ्यानं, दुधरामनं, खाटेवर बसूनच निकाल देऊन टाकला. "ढोलीमागं पाय."

ढोलीमागे पाहिलं. धानाची ती बांबूची अजस्र ढोली दोघांनी मिळून सरकवली, तर मागे फक्त भुसा आणि कधी काळी हरवलेली एक चप्पल निघाली. मग ट्रंका सरकवल्या. शिलाई मशीन उचलली. शेजारची सुशिलाबाई वड्यांचं पीठ भिजवायला आली होती, तीही पदर नाकाला लावून शोधायला लागली आणि शोधता शोधता तिचं तोंड चालूच होतं. बुवा म्हणतील, प्रेमिलाबाईनं प्रसादाला आज काय बाप्पा शिजवलं! प्रेमिला ऐकून घेत होती. तिचे हात कामात होते आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

शेवटी सुशिलाबाईचं नाक तिला ओढत ओढत ओसरीत घेऊन गेलं. टिनाच्या छपराखाली, वाशाला एक फळकूट टांगलेलं होतं. त्याच्याखाली ती थांबली. मान वर केली आणि दोन पावलं मागे सरली.

"वयनी, हा तुह्या सुनेचा बांदा त नाही वास मारून राहिला?"

प्रेमिलाला हसू आलं. झाडाला कधी मेल्या उंदराचा वास येतो का? पण हसू ओठांवर यायच्या आधीच वाळलं. वास तिथूनच येत होता.

तो बांदा नव्हता. बांदा म्हणजे दुसऱ्या झाडाचा रस पिऊन जगणारं बांडगूळ; हे ऑर्किड होतं, झाडावर नुसतं बसून हवेवर जगणारं. हे रीनानं, प्रेमिलाच्या सुनेनं, सगळ्यांना एकदाच समजावून सांगितलं होतं आणि पुन्हा त्यावर बोलली नव्हती. रीनाचं सगळंच तसं. सौंदडची पोर, लग्नाला वर्ष होत आलेलं. वीरेंद्र, प्रेमिलाचा एकुलता मुलगा, राईस मिलच्या मशिनी बसवत कधी बालाघाटला तर कधी राजनांदगावला. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. म्हणजे दिवसभर समोरासमोर सासू आणि सून. पण रीना विचारलं तेवढंच उत्तर देई. बोलली तरी पुस्तकातल्यासारखं तोलून मापून. वाईट नव्हती पोर, कामाला तर वाघीण. पण तिचं मन म्हणजे आतून कडी लावलेलं दार. प्रेमिलाला मुलगी नव्हती. सून येईल, मग दोघी मांडीला मांडी लावून कीर्तनाला बसू, येताना रस्त्यात बुवांच्या नकला करू, असं काय काय तिनं मनात घोळवून ठेवलं होतं. रीना कीर्तनाला यायची, शेजारीच बसायची, आणि घरी येऊन मुकाट्यानं गॅस पेटवायची.

लग्नात कपाट आलं, भांडी आली. पण रीनानं स्वतःच्या मांडीवर धरून आणलं ते एकच, मोहाच्या सालीच्या फळकुटावर बांधलेलं हे झाड. तिची आई लग्नाच्या आदल्याच वर्षी गेली. वावरातला मोह वादळात आडवा झाला तेव्हा त्याच्या फांदीवरचं हे झाड त्या माउलीनं उचलून आणलं होतं आणि दाराशी टांगून जगवलं होतं. जाड, पन्हाळीसारखी पानं. सौंदडला त्याला तुरे यायचे, असं तिच्या माहेरची माणसं सांगत. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि मधोमध जांभळी जीभ. मुर्रीला येताना बरीच मुळं तुटली, आणि तुटक्या मुळांना गोंदियाची झळ सोसेना. म्हणून रीना नागपूरच्या कुठल्याशा दुकानातून पाकिटातलं सुकं शेवाळ मागवायची आणि त्याचा पातळ थर मुळांवर बांधायची. मुळं दमट राहिली पाहिजेत, पण भिजत राहता कामा नयेत, असं तिचं म्हणणं.

पैसे देऊन शेवाळ घेणारी बाई सुशिलाबाईनं जन्मात पाहिली नव्हती. आमच्या बोडीत म्हशीच्या अंगाले लागते फुकट, असं ती गल्लीभर सांगून आली होती. बोडी म्हणजे गावाच्या कडेचं धानाला पाणी देणारं छोटं तळं. गोंदियात ज्या गावाला बोडी नाही ते गावच नाही.

रीनाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. परीक्षेसाठी नागपूरला होस्टेलवर जायचं ठरलं तेव्हा, रिक्षा दारात उभी असताना, ती ओसरीत परत आली. झाडाकडे पाहत सासूला म्हणाली, "आत्याबाई, एवढं माझ्या आईचं आहे."

वर्षभरात त्या पोरीनं आईचं नाव या घरात पहिल्यांदा घेतलं होतं. रीनानं भराभर सांगितलं. मुळं पांढरी दिसली म्हणजे तहान लागली, हिरवी दिसली म्हणजे पोट भरलं. शेवाळ सुकलं की ओलं करायचं. पाकीट संपलं तर नवीन शेवाळ लावायचं. एवढं सांगून ती रिक्षात बसली. प्रेमिलानं ते वाक्य त्याच क्षणी पाठ केलं, जशी ती कीर्तनात ऐकलेली एकेक ओळ पाठ करायची. पांढरी म्हणजे तहान, हिरवी म्हणजे पोट भरलं. दळताना, निवडताना, झाडताना तोंडात तेच. वर्षभर बंद असलेलं दार बोटभर उघडलं होतं. त्या फटीतून आपल्या हातात एक जीव दिलाय, हे प्रेमिलाला न सांगता कळत होतं. तो जीव जसाच्या तसा परत द्यायचा, एवढंच आता तिला हवं होतं.

आणि मग खारीनं घात केला. कुठं पिल्लं घातली होती कोण जाणे; मुळांवरचं सगळं शेवाळ तिनं ओढून नेलं आणि कोनाड्यातलं पाकीटही कुरतडून रिकामं केलं. मुळं उघडी पडली. वर नवतपा, उन्हाळ्यातले ते सर्वांत जळते नऊ दिवस, पेटलेला, टिनाला हात लावला तर फोड यावा असा. मुळं पांढरीफट्ट. पांढरी म्हणजे तहान! प्रेमिलाचा जीव खालीवर झाला. शेवाळ लावायचं, रीना म्हणालीच होती. आणि शेवाळ काय, गावात हंडाभर. भर दुपारी ती डोक्यावर पदर घेऊन बोडीवर गेली. पाणी आटून तळाशी गेलेलं, त्यावर हिरवंगार शेवाळ साईसारखं जमलेलं. कासोटा खोचून ती चिखलात उतरली, घमेलंभर काढलं, घरी आणून हापशीच्या पाण्यानं तीनदा धुतलं. एकेक मूळ त्या गार, बुळबुळीत, हिरव्या गोळ्यात तिनं असं गुंडाळलं की जणू तापल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवते आहे. वातीच्या सुतानं बांधलं. एक मूळ मात्र वर वाशाकडे वाकडं उभं होतं, ते काही केल्या गुंडाळता येईना. राहू दे म्हणाली, एक हट्टी असतेच घरात.

त्यानंतर रोज सकाळी पूजा झाली की ती झाडावर पाणी शिंपडायची. पाहायची तर सगळं हिरवं. हिरवं म्हणजे पोट भरलं! तिचा ऊर भरून यायचा. फोनवर रीना विचारायची, झाड कसं आहे? प्रेमिला सांगायची, मस्त हाय, हिरवंगार हाय. आणि ते काही खोटं नव्हतं.

आता ओसरीत, सुशिलाबाईच्या डोळ्यांदेखत, तिनं स्टुलावर चढून ते सूत सोडलं.

शेवाळाचा वरचा पापुद्रा निघाला आणि आतून काळं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मूळ धरायला गेली तर ते हातात आलं. तुटलं असं नव्हे, नुसतं सुटून आलं, जास्त शिजलेल्या शेवईसारखं. दुसरं धरलं, तेही आलं. तिसऱ्याची साल बोटात राहिली आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत राहिलं. वास असा भपकन आला की सुशिलाबाई अंगणात पळाली. प्रेमिला मात्र स्टुलावर तशीच उभी. तिला ओरडता येईना, उतरता येईना. हिरवं होतं, हिरवं होतं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आपण रोज पाहत होतो ते त्या झाडाचं हिरवेपण नव्हतंच. वरच्या शेवाळाचं होतं. आणि त्याच्या आत, आपल्याच हातानं बांधलेल्या त्या पट्टीत, एका मेलेल्या बाईची ठेव सडत होती.

दुधराम आला, पाहिलं आणि त्यानं बायकोचा हात धरून तिला खाली उतरवलं. खाली पडलेलं ते काळं सगळं त्यानं उकिरड्यात नेऊन पुरलं, ओसरी धुऊन काढली. फळकूट मागच्या गोठ्याजवळ नेऊन टांगलं. तोवर बुवांच्या सोबतच्या टाळकऱ्यांचे आवाज गल्लीत यायला लागले होते.

पंगत झाली. कशी झाली ते प्रेमिलाला विचारू नका. तिनं वाढलं, पाया पडली, सगळं केलं. बुवांनी वरणात मीठ मागून घेतलं तेव्हा सुशिलाबाईनं कपाळावर हात मारला. बुवा थोर माणूस, म्हणाले, अळणी जेवणाचंही पुण्य असते बाई. टाळकरी हसले. एरवी हे वाक्य प्रेमिलानं जन्मभर मिरवलं असतं. आज तिला ते ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी ती सवयीनं मंदिरात गेली, नेहमीच्या जागी खांबाजवळ बसली. पेटी वाजली, टाळ वाजले, बुवांनी खणखणीत आवाजात अभंग धरला. आजूबाजूच्या बायका डोलत होत्या. प्रेमिलाही डोलत असावी. परतताना सुशिलाबाई कुठल्याशा दृष्टांताबद्दल बोलायला लागली आणि प्रेमिला रस्त्यातच थांबली. आज बुवांनी कोणतं आख्यान लावलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. ज्या बाईला मागच्या सप्ताहाचं आख्यान ओळीनं सांगता यायचं, तिच्या कानांतून आजचं अख्खं कीर्तन कोरडं निघून गेलं होतं. त्याचा तिला सकाळपेक्षा मोठा धक्का बसला.

सुशिलाबाईला दया आली. वाईट बाई नव्हती ती, जीभच तेवढी लांब. तिनं सुचवलं की गोंदियाला नर्सरीत असली झाडं मिळतात. दुधरामभाऊला सकाळी पाठव, दुसरं आणून त्याच फळकुटावर बांध. पान पानासारखंच असते, तिले का समजते? प्रेमिलाच्या मनात आलं नाही असं कसं म्हणावं? आलं. तिनं ते झाड डोळ्यांपुढे आणूनही पाहिलं, नवं, टवटवीत, फळकुटावर नीट बसलेलं. आणि रीना त्याच्याकडे पाहून म्हणते आहे, माझ्या आईचं. घराशी पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "आपल्याच घरात त्या पोरीले मी रोज फसवू काय? मंग देवापुढं टाळ्या कायले वाजवू?"

सकाळी तिनं स्वतः फोन लावला. रीनानं उचलल्या उचलल्या घाबरून विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना?

"मानसं बरी हायेत. झाड सडलं."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, कुणीतरी बादली आपटली तो आला, पण रीनाचा आवाज येईना. फोन कटला असं वाटून प्रेमिलानं तो कानावरून काढून पाहिला. कटला नव्हता.

मग रीना बोलली, पण तो तिचा आवाज वाटेना. दवाखान्यातल्या नर्सबाईचा असतो तसा, सपाट. पानं जिथून निघतात तो शेंडा दाबून पाहा, म्हणाली. मऊ आहे का कडक? प्रेमिला गोठ्याकडे धावली. दाबलं. कडक होता. पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

मग व्हिडिओ लावला. फोन दुधरामनं धरला, म्हणजे पहिला बराच वेळ रीनाला त्याचा अंगठाच दिसत होता. अंगठा बाजूला झाला आणि रीनाला झाड दिसलं. तिनं हात तोंडावर नेला. तिच्या मागे होस्टेलची भिंत होती आणि त्या भिंतीपुढे तो चेहरा असा पांढरा पडला की प्रेमिलानं नजर खाली केली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही.

"कात्री पाण्यात उकळून घ्या," ती म्हणाली. "काळं, मऊ असेल तेवढं सगळं कापा."

"सगळं?"

"सगळं. अर्धं ठेवलं तर वर चढेल."

तुळशीचं पान तोडतानाही जी बाई आधी हात जोडते, तिच्या हातात ती कात्री आली. प्रेमिलानं कापलं. एकेक मूळ खाली पडत गेलं आणि प्रत्येकासरशी तिचे ओठ हलत राहिले. बाई, माफ कर. बाई, माफ कर. सौंदडच्या त्या न पाहिलेल्या विहिणीला ती हे म्हणत होती. संपलं तेव्हा फळकुटावर पानांचा एक गुच्छ उरला होता, आणि खाली काही नाही. नाही कसं? ते एक वाकडं, हट्टी मूळ, गुंडाळता न आलेलं, वाशाकडे तोंड करून उभं होतं. कोरडं, रुपेरी, टणक. दुधरामनं फोन त्याच्याजवळ नेला. रीना कितीतरी वेळ त्याच्याकडेच पाहत राहिली.

"हळद लावू काय?" प्रेमिलानं विचारलं. जखमेला हळद, एवढंच तिला सुचत होतं.

"लावा. कोरडी. चिमूटभर."

"अना पानी कितीक देऊ?"

"नाही द्यायचं. मी येईपर्यंत एक थेंब नाही."

"या उन्हात?"

"उपास समजा," रीना म्हणाली आणि फोन ठेवला.

उपास म्हटल्यावर प्रेमिलाला ते कळलं. निर्जळा! ज्येष्ठातली ती एकादशी अजून यायची होती, पण झाडाला आधीच लागली. काही न देणं ही तिच्यासाठी केवढी कठीण गोष्ट होती! दारी आलेला कुत्रा तिच्या हातून उपाशी गेला नव्हता. आता दिवसातून कितीदा ती लोटा घेऊन गोठ्यापर्यंत जायची आणि तशीच भरल्या लोट्यानं परत यायची. पानांवर सुरकुत्या पडत होत्या. एकदा दुधरामनं तिला तिथं उभी पाहिली आणि म्हणाला, "देऊन टाक ना घोटभर. पाहून कोन राहिलं?"

"वरचा पाहून राहिला," ती म्हणाली आणि लोटा तुळशीत ओतला.

सप्ताहाचा काला झाला, बुवा पुढच्या गावाला गेले, आणि रीना आली. भर दुपारी, गोंदिया स्टेशनवरून ऑटोनं. पाया पडली, बॅग ठेवली आणि सरळ गोठ्याकडे गेली. प्रेमिला मागे मागे. रीनानं फळकूट उतरवलं, मांडीवर घेतलं. कापलेल्या जागांवर हळद वाळून पिवळी पापुद्र्यासारखी झाली होती. तिनं त्या जागांवरून अंगठा फिरवला, वास घेतला. नंतर मान वर न करता विचारलं, "तुम्ही बांधलं होतं ते शेवाळ कोणत्या दुकानातलं?"

"दुकानातलं कायले? बोडीतलं. चांगलं ताजं होतं. तीनदा धुतलं मी."

रीनानं मान वर केली. "बोडीतलं?"

आणि मग जे झालं त्यानं प्रेमिलाचे पाय जागीच रुतले. ती मुकी पोर उठून उभी राहिली आणि ओरडली. पुस्तकातलं बोलणं कुठल्या कुठं गेलं, सौंदडची बोली तिच्या तोंडातून लाहीसारखी फुटायला लागली.

"बोडीतलं शेवार कोनी झाडाले बांधते काय? विचारलं काऊन नाही तुमी? फोन नोयता घरात?"

"कायले विचारू? तूच सांगतलं ना, शेवार लावा म्हनून!"

"मी पाकिटातलं सांगतलं! ते मॉस रायते. डोंगरातलं. ते पानी धरते अना हवा बी जाऊ देते. बोडीतलं गच्च बसते, दम कोंडून मारते!"

"मंग तसं म्हनायचं होतं. मॉस म्हनायचं होतं."

"तुमाले समजलं नसतं म्हनून मी..."

रीना तिथंच थांबली. आपल्याच तोंडातून निघालेलं वाक्य अर्ध्यावर पाहून तिचे डोळे मोठे झाले.

प्रेमिलाला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती हळू आवाजात म्हणाली, "मले समजलं नसतं? बुवा श्लोकावर श्लोक सोडते, ते मी घरी येऊन म्हनून दाखवतो. एक मॉस मले पाठ नसतं झालं?"

प्रेमिलाला वाटलं, झालं, आता ही रडेल, किंवा पुन्हा कडी लावून आत जाऊन बसेल. पण रीना ना रडली ना गेली. तिला अजून राग होता आणि तो तिला संपवायचा होता.

"बरं, शब्द माहा चुकला. पन तुमी? वर्ष झालं, ताटात वाढूनच राहिल्या. पुरे म्हनलं तरी भात, पुरे म्हनलं तरी वरन. झाडाले बी तेच केलं. पुरे म्हनलेलं तुमाले आयकूच येत नाही."

"तू म्हनतच इतकी हळू! उंदीर बोलल्यासारखी! जरा आयकू येईन असं म्हनत जा ना."

"पुरे!" रीना म्हणाली.

"हां, असं!" प्रेमिला म्हणाली.

गोठ्याच्या दारात दुधराम वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उभा होता. तो आत येईना आणि मागेही जाईना. भारा उतरवायचं भानही त्याला राहिलं नव्हतं. बत्तीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोवर कुणी असं ओरडलेलं त्यानं पाहिलं नव्हतं, आणि ओरडून घेताना तिचा चेहरा असा उजळलेला तर पाहिलाच नव्हता.

रीना फणकाऱ्यानं खाली बसली. बॅगेतून तिनं नवीन पाकीट काढलं, वाटीभर पाण्यात चिमूटभर मॉस टाकलं, आणि ते मुठीत धरून असं पिळलं की शेवटचा थेंबही निघावा. उरलेल्या त्या एका मुळाच्या बुडाशी तिनं त्याची जाळीसारखी विरळ पट्टी ठेवली, शेंड्यापासून लांब. जगेल काय, असं प्रेमिलानं विचारलं. माहीत नाही, असं रीना म्हणाली. पावसाळ्यात नवीन मूळ फुटलं तर फुटलं. दोघीही त्या वाकड्या मुळाकडे पाहत होत्या. रीनाच्या गालावरून एक थेंब ओघळला, तो तिनं खांद्यानं पुसला आणि हातातलं काम सोडलं नाही. प्रेमिलानं पदर पुढे केला नाही. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

मग रीना तरातरा घरात गेली आणि त्याच वेळी भिंतीवरून सुशिलाबाईचं डोकं वर आलं. आरडाओरडा साऱ्या गल्लीनं ऐकला होता. काय झालं वयनी, कोण भांडून राहिलं, तिनं विचारलं.

"काही नाही व. पोरगी भांडून राहिली."

"पोरगी?" सुशिलाबाई गोंधळली. "कोनाची पोरगी आली?"

प्रेमिलाच्या तोंडातून काय निघून गेलं ते तिलाही आत्ताच ऐकू आलं होतं. एखादी ओळ वर्षानुवर्षं ऐकावी आणि एके दिवशी आपल्याच गळ्यातून निघावी, तशी ती थक्क होऊन उभी राहिली.

"आई, बादली कुठं टाकली?" आतून रीनाचा आवाज आला, अजूनही चिडलेला. आत्याबाई नव्हे, आई. पण म्हणणारीच्या ते लक्षातही नव्हतं.

"मोरीपाशी हाय. डोये नाहीत काय तुले?" प्रेमिलानं तेवढंच चिडून उत्तर दिलं, आणि सुशिलाबाईला भिंतीवर तसंच सोडून ती घरात शिरली.